बेट राखतात दोघं

या आठवड्यात एकच चित्रफीत मला चहूकडून आली. शाळेच्या गटावर, सोसायटीच्या गटावर, माहेरच्यांच्या गटावर. निळंशार पाणी, पांढरी वाळू, समुद्राकडे झुकलेले माड आणि हातात हात घालून चालणारं पांढऱ्या केसांचं एक जोडपं. खाली मजकूर असा की, निवृत्त नवराबायकोला एका खासगी बेटाची देखभाल करायला बोलावलंय. घरभाडं नाही, वीजबिल नाही, मालक अधूनमधून येणार, बाकी सगळं बेट तुमचंच. त्याखाली आपल्या माणसांचे उद्गार: 'नशीब लागतं', 'याला म्हणतात सेकंड इनिंग', 'पेन्शन घ्यायची आणि समुद्राकडे बघत बसायचं'.

समुद्राकडे बघत बसायचं! हे वाचून मला जो राग आला, तो दोन दिवस उतरला नाही.

या सदराचे जुने वाचक जाणतात की कुठलंही सुखाचं चित्र दिसलं की मी आधी विचारते, तिथे पाणी कोण भरतं? डोंगरातल्या आश्रमांवर लिहिलं तेव्हा विचारलं होतं, शेतघरांच्या जाहिरातींवर लिहिलं तेव्हाही. काही वाचकांना त्याने रसभंग होतो, तसं ते पत्रातून कळवतातही. पण मला ते खरोखर जाणून घ्यायचं असतं. जिथे कुठे नीटनेटकं, राहावंसं वाटेल असं काही टिकून आहे, तिथे कुणीतरी रोज पहाटे उठून ते टिकवत असतं. त्या माणसाचं कामच लोकांना दिसू नये, याचा मला मनापासून संताप येतो.

अशा जाहिराती नव्या नाहीत. अमेरिकेत 'केअरटेकर गॅझेट' नावाचं पत्रक १९८३पासून दुसऱ्यांची घरं, शेतं आणि बेटं सांभाळण्याच्या जागा छापत आलं आहे. २००९मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याच्या पर्यटन खात्याने हॅमिल्टन बेटावर सहा महिने राहून आसपासच्या बेटांची देखभाल करण्यासाठी दीड लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देऊ केले आणि जगभरातून ३४ हजारांवर अर्ज आले. माशांना खाऊ घालायचं, तलाव साफ करायचा, टपाल आणायचं, एवढंच काम सांगितलं होतं. निवड झाली बेन साउथॉल या ब्रिटिश तरुणाची, आणि मुदत संपत आली असताना त्याला इरुकांजी नावाच्या नखाएवढ्या विषारी जेलीफिशने डंख केला. तो वाचला. ती सगळी मोहीम पर्यटनाच्या प्रचारासाठी होती. पण बेट सांभाळणं म्हणजे पगारी सुट्टी, हा समज तिने जगभर पसरवला.

आता खरं काम काय असतं ते बघू. प्रवाळाच्या बेटांवर नदी नसते, ओढा नसतो. पिण्याचं पाणी म्हणजे छपरावरून पन्हळीतून टाकीत उतरलेलं पावसाचं पाणी. पन्हळीत पानं अडकली, पक्ष्यांची शिट पडली, टाकीत उंदीर बुडून मेला, की ते पाणी गेलं. म्हणून शिडी लावून छपरावर चढायचं, पासष्टाव्या वर्षीसुद्धा. खारा वारा लोखंड खातो. बिजागऱ्या, खिळे, बोटीच्या इंजिनाचे भाग, पंप, सगळ्यांना सतत तेल, सतत रंग. सौर पट्ट्यांवरची मिठाची पुटं पुसायची, बॅटऱ्यांचं पाणी बघायचं, जनरेटर ऐन रात्री बंद पडला तर विजेरीच्या उजेडात तो खोलून बसायचं. मैल्याची टाकी तुंबली तर कुणाला बोलावणार? लाकडाला वाळवी, धान्याला उंदीर. पाहुणे यायच्या आधी वाटेवरच्या माडांचे तयार नारळ उतरवून घ्यायचे, कारण वरून पडलेला नारळ मालकाचा पाहुणा ओळखत नाही.

आणि मासे? दारात समुद्र आहे, रोज ताजे मासे खायचे, हेही एक स्वप्न. प्रवाळाच्या आसऱ्याने राहणाऱ्या मोठ्या माशांत सिग्वाटेरा नावाचं विष साठतं. सूक्ष्म शेवाळातून लहान माशात, लहानातून मोठ्यात ते चढत जातं. माशाला वास येत नाही, चव बदलत नाही आणि शिजवल्याने विष मरत नाही. कुठल्या खाचेतला कुठला मासा खायचा नाही, हे तिथल्या कोळ्यांकडून शिकून घ्यावं लागतं. उत्तर ऑस्ट्रेलियात साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत पाण्यात उतरणंच धोक्याचं, कारण तो जेलीफिशचा हंगाम. त्याच सुमाराला वादळांचाही.

एकट्या माणसाचं तिथे काय होतं, याचा दाखला टॉम नील हा न्यूझीलंडचा माणूस. कूक बेटांतल्या सुवारो या निर्जन प्रवाळबेटावर तो १९५२मध्ये एकटा राहायला गेला. भाजी लावली, कोंबड्या पाळल्या, सगळं हाताने उभं केलं. १९५४मध्ये एकदा नांगर फेकताना त्याच्या पाठीत अशी कळ आली की तो जवळजवळ जागचा हलू शकेना. दैव बलवत्तर म्हणून चार दिवसांनी एक शिडाची होडी वाट वाकडी करून तिथे आली आणि त्यातल्या दोघा अमेरिकनांनी त्याला सोडवलं. पुढे तो परत गेला, वर्षानुवर्षं राहिला. माणूस जिद्दीचा होता, त्याबद्दल मला आदर आहे. पण ती होडी आली नसती तर आज आपल्याला त्याचं नावही ठाऊक नसतं.

म्हणूनच या जाहिरातींत नेहमी जोडपं मागतात. एक शिडीवर चढला तर दुसऱ्याने शिडी धरायची. एक तापाने पडला तर दुसऱ्याने पंप चालवायचा. दोन माणसांचं काम, दोन माणसांची जोखीम. आणि इथूनच माझा खरा विषय सुरू होतो, कारण बेटांच्या ज्या गोष्टी जगात गाजल्या त्यांत दुसरं माणूस बहुतेक वेळा गळून पडलं आहे.

डंक बेटाचीच गोष्ट घ्या. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याला, मिशन बीच गावापासून काही किलोमीटरवर हे दाट जंगलाचं, डोंगराळ बेट आहे. १७७०मध्ये कॅप्टन कूकने समुद्रातूनच त्याला एका इंग्रज सरदाराचं नाव देऊन टाकलं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या जिरू लोकांचं त्याला स्वतःचं नाव होतंच. टाउन्सव्हिलच्या एका वर्तमानपत्रात एडमंड बॅनफिल्ड नावाचा उपसंपादक होता. रात्रपाळ्या करून तो पार खचला. डॉक्टरांनी फार थोडे महिने दिले. १८९७मध्ये, पंचेचाळिशीत, तो नोकरी सोडून बायकोला घेऊन या बेटावर राहायला गेला. आधी तंबूत, मग झोपडीत, मग स्वतः बांधलेल्या बंगलीत. थोडे महिने सांगितलेला माणूस तिथे पंचवीस वर्षांहून अधिक जगला. १९०८मध्ये त्याचं 'कन्फेशन्स ऑफ अ बीचकोंबर' आलं आणि तो जगप्रसिद्ध झाला. पाठोपाठ आणखी पुस्तकं आली. आसपासच्या बेटांवरच्या पक्ष्यांना बंदुकीपासून वाचवायला तो झगडला आणि सरकारने त्याला मानद रक्षक नेमलं. निवृत्तीनंतर बेट राखायला गेलेला माणूस कसा असावा, तर असा, हे मी मनापासून म्हणते.

पण त्याच्या बायकोचं नाव किती जणांना ठाऊक आहे? बर्था. लग्नाआधीची बर्था गोल्डिंग. त्याच्यासाठी ती इंग्लंडहून अर्ध्या जगापलीकडे आली होती; १८८६मध्ये त्यांचं लग्न झालं. तिला ऐकू फार कमी येई. अशी बाई, जिला मागून आलेली हाक कळत नाही, ती नवऱ्याच्या तब्येतीसाठी अशा बेटावर गेली जिथे सोबतीला फारसं कुणी नाही आणि बाहेरच्या जगाशी संबंध म्हणजे जाणारी-येणारी आगबोट. बॅनफिल्डच्या पुस्तकांत पक्षी आहेत, कासवं आहेत, शिंपले, पाऊस, फुलपाखरं, झाडांची फळं ओसंडून आहेत. बर्था शोधावी लागते. तसाच तिथला मूळनिवासी टॉम. समुद्राची आणि जंगलाची विद्या ज्याच्या हातात होती, ज्याच्याकडून बॅनफिल्ड शिकला, त्याचं कौतुक पुस्तकात आहे, पण बेट 'बॅनफिल्डचं बेट' म्हणूनच ओळखलं गेलं.

मला त्या पुस्तकांतली दिसत नसलेली पानं वाचायची असतात. त्या दमट हवेत पीठ कसं राखलं असेल? पहिल्या पावसाळ्यात तंबूत कपडे कसे वाळले असतील? १९१८च्या मार्चमध्ये त्या किनाऱ्यावर भयंकर चक्रीवादळ आदळलं, इनिसफेल आणि मिशन बीचच्या पट्ट्यात माणसं गेली, डंक बेटावरची झाडी उद्ध्वस्त झाली. बॅनफिल्डने वीस वर्षं जोपासलेलं डोळ्यांसमोर मोडलं. दोघंही तेव्हा साठीच्या आसपास होती. त्या वयात पुन्हा लावणी करायची, पुन्हा छप्पर नीट करायचं, हे एकाच्या हाताने झालेलं नाही.

मग १९२३चा जून. बॅनफिल्डच्या पोटात असह्य दुखू लागलं. बेटावर डॉक्टर नाही. २ जूनला तो गेला. त्यानंतर तीन दिवस बर्था त्या बेटावर नवऱ्याच्या देहासोबत एकटी होती. एक आगबोट जाताना दिसली तेव्हा किनाऱ्यावरून तिने कशाबशा खुणा केल्या, बोटीवरच्या लोकांनी त्या पाहिल्या, ते आले, त्यांनी शवपेटी तयार केली आणि त्याला बेटावरच पुरलं. बॅनफिल्डवर लिहिणारे हा प्रसंग चार ओळींत सांगतात, त्याच्या आयुष्याचा शेवट म्हणून. माझ्या लेखी ती त्या बेटावरची सर्वांत मोठी गोष्ट आहे, आणि ती तिची आहे. ऐकू न येणारी सत्तरीकडे झुकलेली एक बाई, दारात रिकामा समुद्र आणि सतत क्षितिजावर डोळा. त्या तीन दिवसांत तिने कोंबड्यांना दाणे टाकले असतील का? मला वाटतं, टाकले असतील. ज्यांनी आयुष्यभर घर राखलंय त्यांचे हात अशा वेळीही थांबत नाहीत, हे मी पाहिलेलं आहे.

पाहिलं ते कोकणात, दापोलीजवळच्या आमच्या घरी. आमची माणसं कामधंद्याला मुंबई-पुण्याला आली आणि घर, आगर एका जोडप्यावर सोपवलं गेलं. आम्ही मुलं त्यांना भाऊकाका आणि काकी म्हणायचो. दर महिन्याला मनीऑर्डर जायची ती भाऊकाकांच्या नावे. पत्र जायचं ते भाऊकाकांना. आम्ही मे महिन्यात जायचो तेव्हा आमचे वडीलधारे ओटीवर बसून म्हणायचे, भाऊने घर चांगलं राखलंय. आत काकी असायची. पहाटे आगरात शिंपणं तिचं, जमीन सारवणं तिचं, आमसुलं वाळवणं, आगोटीची बेगमी, वाळवी चढली का ते बघणं, माजघरातल्या पेट्यांना ऊन दाखवणं तिचं. कौलं चाळायला भाऊकाका वर चढायचे हे खरं, पण खालून एकेक कौल हातात देणारी तीच.

भाऊकाका एका पावसाळ्यात गेले. पुण्यातून आमची मोठी माणसं गेली. दहावं, बारावं झालं, आणि मग ओटीवर चर्चा सुरू झाली की आता घराकडे कोण बघणार? नवा माणूस ठेवावा की घर बंद करावं की विकावं? चर्चा चालू असताना काकी सगळ्यांना चहा देत होती. तेव्हा माझी थोरली आत्या, जी पुरुषमंडळींत फारशी बोलत नसे, ती आतून येऊन म्हणाली, "अरे, घराकडे कोण बघणार म्हणून काय विचारता? आजवर जी बघत आली ती उभी आहे की समोर!" ओटीवर कुणी काही बोललं नाही. पुढच्या महिन्यापासून मनीऑर्डर काकीच्या नावे निघाली, आणि आत्याने भांडून ती वाढवूनही घेतली. काकीने पुढे कितीतरी वर्षं ते घर राखलं. घर आज उभं आहे ते तिच्यामुळे. मी हे याआधीही एका लेखात ओझरतं लिहिलं होतं, पण आत्याचं वाक्य तेव्हा लिहायचं राहिलं होतं. आत्या आता नाही, म्हणून ते छापून ठेवते.

आता पुन्हा बेटांकडे. सेशेल्समध्ये मोयेन नावाचं एक लहानसं बेट आहे, माहे या मुख्य बेटाच्या समोरच. क्षेत्रफळ जेमतेम चोवीस-पंचवीस एकर. ब्रेंडन ग्रिमशॉ या यॉर्कशरच्या पत्रकाराने ते १९६२मध्ये आठ हजार पौंडांना विकत घेतलं. तेव्हा ते रानटी झुडपांनी गच्च भरलेलं, पडीक होतं. त्याने हजारो झाडं लावली, वाटा काढल्या, महाकाय कासवं आणून वाढवली, मोठमोठ्या रकमा नाकारल्या आणि २००८मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं. २०१२मध्ये तो गेला. ही गोष्टही जगभर एका माणसाची गोष्ट म्हणून फिरते. पण त्याच्या बरोबरीने झाडं लावणारा रेने लाफॉर्च्युन हा सेशेल्सचाच, कोळ्याचा मुलगा. विशीच्या आत असताना तो ग्रिमशॉबरोबर कामाला लागला आणि २००७मध्ये मरेपर्यंत त्याच बेटासाठी राबला. पाणी वाहून आणणं, खड्डे खणणं, रोपं जगवणं हे दोघांचं काम. ग्रिमशॉ स्वतः हे मोकळेपणाने सांगायचा, याचं मला फार बरं वाटतं. लिहिणाऱ्यांनी मात्र एक नाव मथळ्यात घेतलं आणि दुसरं आतल्या मजकुरात.

हे सगळं मी माझ्या एका मैत्रिणीला सांगितलं, कारण तिच्यासाठी हा प्रश्न पुस्तकातला नाही. ती निवृत्त परिचारिका, तिचे यजमान निवृत्त विद्युत अभियंता, मुलगी ब्रिस्बेनला. मुलीच्या ओळखीने क्वीन्सलँडकडच्या एका छोट्या बेटाचं बोलावणं त्यांना आलं आहे. दोघंही धडधाकट आहेत, कष्टाची सवय आहे, माणसांपेक्षा झाडांत रमणारी आहेत. त्यांनी जावं असंच मला वाटतं. त्या चित्रफितीवर मी रागावले म्हणून कुणी असं समजू नये की उतारवयात बेटावर जाऊ नये. पण जावं ते कामाला जातोय हे जाणून, आणि कामाला जाणाऱ्याने विचारावेत ते सगळे प्रश्न विचारून.

मालकाचं पहिलं पत्र यजमानांच्या नावे होतं. त्यात जनरेटर, सौर पट्ट्या, बोट यांच्याबद्दल दोन पानं होती आणि शेवटी एक ओळ, पत्नीही सोबत आल्यास आनंदच. मैत्रिणीने ते मला वाचून दाखवलं तेव्हा मी तिला म्हटलं, तू चाळीस वर्षं वॉर्ड सांभाळलास, रात्री-अपरात्री तिथे कुणाला काही झालं तर पहिली हाक तुलाच येणार, आणि तुझी किंमत एका ओळीची? पाहुणे आल्यावर स्वयंपाक कोण करणार, खोल्या कोण लावणार, हे त्या पत्रात कुठेच नव्हतं, कारण ते गृहीत होतं.

तिने मग स्वतः मालकाला पत्र लिहिलं. करारावर दोघांचीही नावं आणि दोघांचीही कामं लिहून हवीत. मानधन दोघांना वेगवेगळं, आपापल्या खात्यात. आजारपणात बेटावरून हलवायचं झालं तर बोट किंवा हेलिकॉप्टर कोण बोलावणार आणि खर्च कोण करणार. विमा कोणाच्या नावाने. वादळाचा इशारा आला की बेट सोडायचा निर्णय कुणाचा, तर जे तिथे आहेत त्यांचा, मालकाचा नव्हे. आठवड्यातून ठरलेल्या वेळी किनाऱ्यावरच्या कुणाशी तरी रेडिओवर बोलणं, आणि ते झालं नाही तर त्याच दिवशी कुणीतरी बघायला येणं. व्हिसाचंही विचारलं, कारण पर्यटक म्हणून गेलेल्याला तिथे काम करता येत नाही आणि राहण्याच्या मोबदल्यात केलेलं कामही कामच धरलं जाऊ शकतं. आणि दोघांपैकी एकाचं बरंवाईट झालं तर दुसऱ्याचा करार चालू राहील का, हेही तिने लिहिलं. यजमान म्हणाले, हे कशाला लिहितेस, अभद्र वाटतं. तिने ते खोडलं नाही.

पत्र जाऊन आठवडा होत आला. उत्तर अजून आलेलं नाही. आलं की पहिला फोन तुला करते, असं ती म्हणाली आहे, आणि त्यात काय आहे ते मी या सदरात नक्की कळवीन.